एक तृतीयांश डाव

नाही हो ताई, बघितली की मी फीत, तुमच्या त्या टॅबवर दोनदा बघितली, दुसऱ्यांदा तर चष्मा घालून बघितली — त्यात काय दिसतं? एक पोरगा पहिल्या बेसपाशी उभा आहे, प्रेक्षकांत कुणाकडे तरी बघून हसतोय, डावीकडून कुठून तरी बॉल येतो, पोरगा आउट. बॉल कुणी टाकला, दिसतं का? नाही दिसत. कसं दिसणार? शूटिंग करणारा त्या पोराचा बाप होता, बापाने पोराचंच शूटिंग केलं — पिचरचं कशाला करेल? आणि मागे तो जाकीटवाला उभा आहे म्हणता, तो इसोगाई कशावरून? जाकीटं घातलेले दहा-बारा जण असायचे तिथे, आणि आमच्या संघात सगळेच असे खांदे पाडून उभे राहायचे, त्या वर्षी तर फारच. तुम्ही आधी खा बघू. उडोनच्या शेवया वाट बघत नाहीत, सारात फुगून बसतात. ओसाकाहून आलात ना? मग खाऊन घ्या, तिकडे मिळतात ते काय उडोन म्हणायचे का.

बाहेरच्या पाटीवरची खूण बघून आलात ना बरोबर? नाही, विचारलं एवढ्यासाठी की नवीन माणसं चुकतात. आडवा आठ रंगवलाय मोठ्ठा, त्यामुळे निम्म्या लोकांना हे चष्म्याचं दुकान वाटतं. गेल्या महिन्यात एक आजी आल्या, डोळे तपासा म्हणाल्या — तेंपुरा खाऊन गेल्या. शाळेतली पोरं झोपलेला आठ म्हणतात. मी म्हणतो बरोबर आहे रे, आठव्या डावातच झोपलो मी. पण तुम्ही बेसबॉलच्या नोंदणी विभागातल्या, तुम्हाला ती खूण समजावून सांगायची गरज नाही. अनंत. मियाताके तात्सुहिको, डावखुरा पिचर, सामने एक, डाव शून्य, दिलेले रन सहा, सरासरी अनंत. लोक विचारतात, अनंत म्हणजे कसं हो? मी त्यांना उडोनवर समजावतो. म्हणतो, पिचरची सरासरी म्हणजे काय, तर तो पूर्ण नऊ डाव टाकत राहिला असता तर किती रन दिले असते. एका डावात तीन आउट. मी किती केले? एकही नाही. म्हणजे असं समजा की मी सहा वाट्या सार सांडलं आणि शेवया शून्य. एका शेवईमागे सार किती सांडलं? सांगा. नाही सांगता येत. भागताच येत नाही. म्हणून आडवा आठ. एक गणिताचे मास्तर येतात इथे मंगळवारी, ते म्हणतात मियाताके, तुमचं उदाहरण चुकीचं आहे — मी म्हणतो मास्तर, सरासरी तर बरोबर आहे ना.

फुमिए, ऐकतेस का, यांना पातीचा कांदा आणखी लागेल. — बायको आहे आत. सुरीचा आवाज येतोय ना, तीच. दिवसभर चालतो तो, मला त्यावर वेळ कळते.

तर सामना. तुमच्या कागदावर सगळं असेलच, पण कागदावर वास नसतो. एकवीस–शून्य. अस्वलांनी बगळ्यांना एकवीस–शून्य. आमचा संघ हेरन्स, म्हणजे बगळेच, टोपीवर पण बगळा, एका पायावर उभा — दुसरा पाय खड्ड्यात, असं लोक म्हणायचे. समोर बेअर्स. सत्तावीस हिट मारल्या त्यांनी. आम्ही दोन. त्यातली एक हिट म्हणजे बॅटला लागून बॉल गवतात जिथे पडला तिथेच मेला, कुणी उचलायलाच गेलं नाही, त्यांच्या तिसऱ्या बेसवाल्याला जांभई आली होती त्या वेळी. आमच्या चुका चार. म्हणजे मोजलेल्या चार. पाचव्या डावात आमच्या मधल्या खेळाडूच्या डोक्यावर बॉल पडला, ती चूक धरली नाही, दया आली असेल. प्रेक्षक नऊ हजार असं जाहीर केलं होतं. सातव्या डावानंतर बाहेरच्या बाकांवर जे उरले ते मी मोजू शकलो असतो, मोजलेही, म्हणजे मला तेवढा वेळ होता — मी बुलपेनमध्ये, बदली पिचरांच्या बाकावर, बसलो होतो, सदतीस वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांचा, बसून बसून पाय बधिर झालेला. बिगुल वाजवणारा गडी होता ना आमचा, प्रत्येक बॅटरचं गाणं वाजवणारा, त्याने सहाव्या डावात बिगुल पिशवीत भरला आणि डबा उघडला. आमचेच लोक अस्वलांच्या हिट मोजायला लागले. मोठ्याने. वीस. एकवीस. बावीस. फार मजा करत होते. तुम्ही हसा, हसण्यासारखंच होतं ते.

अशा सामन्यात चांगले पिचर वाया घालवत नाहीत. उद्याही सामना असतो. मग कुणाला पाठवतात? ज्यांचं काही झालं तरी चालेल अशांना. आम्ही दोघे होतो तसे. मी आणि इसोगाई. दोघेही डावखुरे, दोघेही दुसऱ्या फळीतून आठवड्यापूर्वीच वर आलेले, वसतिगृहात एकाच खोलीत — तो खिडकीकडे, मी दाराकडे. इसोगाई सुसुमु. तोत्तोरीचा. बोलायचा कमी, झोपेत मात्र बोलायचा. त्याचा वळणारा बॉल असा होता की — जाऊ दे. माझाही बरा होता वळणारा. आत हसू नकोस गं. बरा होता.

आठवा डाव सुरू झाला, पंधरा–शून्य, आणि फोन वाजला. मियाताके. मी गेलो. पहिल्याला चार बॉल बाहेर, तो चालत बेसवर. दुसऱ्याला पण. तिसऱ्याने मारला तो भिंतीपर्यंत, दोन रन. चौथ्याने एक बेसची हिट, आणखी एक रन. पाचव्याने होमरन, दोन रन. सहाव्याने होमरन, तो एकटाच होता बिचारा, एक रन. किती झाले? सहा. एकवीस–शून्य. फलकावर आकडे बदलणारा माणूस शिडीवरून उतरलाच नाही, तिथेच बसून राहिला, मला दिसत होता. सातव्याने हिट मारली आणि पहिल्या बेसवर थांबला. तेव्हा अस्वलांच्या मॅनेजरला वाटलं, चला, एवढं झालंच आहे तर बाकावरच्या नव्या पोरालाही जरा मैदान दाखवू. त्याने बदली धावणारा पाठवला. वाशिझु. तोच हा, तुमच्या फितीतला. पहिल्यांदाच मोठ्या मैदानावर बेसवर उभा राहिला पोरगा. आई-बाप बघायला आले होते, बाप बाझुकाएवढा कॅमेरा खांद्यावर घेऊन. हा त्यांच्याकडे बघून हसत होता. आमचा पहिल्या बेसवाला त्याला विचारत होता, गाव कुठलं.

आणि मी तिकडे बॉल फेकला.

म्हणजे — म्हणजे कुणीतरी फेकला. मी सांगतोय ते जे ऐकलं ते. ताई, ती पेन्सिल खाली ठेवा जरा. खाताना लिहू नये, पोट बिघडतं.

कसं असतं, एकवीस रनांनी मागे असताना कुणी पहिल्या बेसवर बॉल फेकून माणूस आउट करत नाही. नियम नाही तसा, पण करत नाहीत. पुढे असलेल्यांनी बेस चोरायचा नाही, मागे असलेल्यांनी धावणाऱ्याला पकडायचं नाही, गुपचूप घरी जायचं. आणि हा इथे बॉल आमच्या पहिल्या बेसवाल्याच्या हातमोज्यात येऊन बसला आणि तो मोजा वाशिझुच्या पायाला लागला. बेसवाला स्वतःच दचकला. पंचाने कसाबसा हात वर केला, लाजत, जसं काही लग्नात ताट सांडलं. टाळी नाही, काही नाही. वाशिझुला समजलंच नाही, तो तिथेच हसत उभा. मग समजलं. मग तो त्यांच्या बाकाकडे पळत गेला, टोपी काढून, माफी मागितल्यासारखा. का फेकला म्हणाल? फेकणाऱ्याला, जो कोणी असेल तो, पुढे बॅटरकडे बघवत नव्हतं म्हणून. आठव्या बॅटरकडे बॉल टाकायचा सोडून जगात दुसरीकडे कुठेही टाकायचा होता. तिकडे एक ओळखीचा माणूस उभा होता. टाकला.

आता तुम्ही म्हणणार, मग नोंद चुकली कशी. तुमचे तेव्हाचे नोंदणीकार, देव त्यांचं भलं करो, ते फार सुंदर अक्षर काढायचे. बाकीचे घाईत अर्धं नाव लिहितात, खुणा करतात, हे नाही करायचे. एकवीस–शून्य असू दे, खेळाडूचं नाव पूर्ण आणि नीट. वाशिझुच्या नावातल्या पहिल्या अक्षराला रेघा किती? तेवीस. तुम्हाला माहीतच आहे. ते आपले त्या छोट्याशा चौकोनात तेवीस रेघा बसवत होते, सतराव्या-अठराव्या रेघेवर असतील, तेवढ्यात पंचाचा हात वर. त्यांनी उरलेल्या रेघा पुऱ्या करून मान वर केली तोवर आमचे मॅनेजर मैदानात आलेले, एक डावखुरा पिचरच्या टेकाडावरून खाली येतोय, दुसरा डावखुरा वर चाललाय. मदतनीस चहा आणायला गेलेला. त्यांनी काय धरलं? नवीन आला त्याने आल्या आल्या एक आउट केला. इसोगाईच्या नावावर लिहिला. मी होतो सहा रन आणि शून्य आउट. सुंदर अक्षरात.

असं झालं असेल, असं लोक म्हणतात. मी कुठे काय म्हणतो.

तुम्ही मघाशी नियम सांगितलात — काय होता तो — दोघांचे जबाब जुळले तरच मूळ नोंद बदलते, नाहीतर जुनं आहे तेच राहतं. चांगला नियम आहे. मला आवडला. म्हणजे माझा हा कागद, यावर लिहितो मी, बघा, आपला शिक्का पण आहे इथेच गल्ल्यात — "पहिल्या बेसवरचा आउट कुणी केला?" — इसोगाईने. "त्या वेळी टेकाडावर कोण होतं?" — इसोगाई. झालं. हा मारला शिक्का. फुंकर घाला, ओला आहे. आता तुम्हाला तोत्तोरीला जायचीही गरज नाही. माझा जबाब असा आहे म्हटल्यावर त्याचा कसाही असला तरी जुळणार नाही, हो की नाही? जुळला तरी नोंद तीच राहते. बरं झालं. त्या बिचाऱ्याला त्रास कशाला.

का म्हणजे?

तिकडे शेल्फावर बघा. ती पेटी. नासपतीची. दर सप्टेंबरला येते, सदतीस वर्षांत एकदाही चुकली नाही, वादळाच्या वर्षीसुद्धा आली, त्या वर्षी फक्त सात फळं होती आणि चिठ्ठी, की बाकीची वाऱ्याने खाल्ली. वर काय छापलंय वाचा. शून्य पूर्णांक शून्य शून्य. त्याची सरासरी. इसोगाईची. एक आउट म्हणजे एक तृतीयांश डाव, रन शून्य. आख्ख्या तोत्तोरीत त्याच्या बागेला शून्यशून्यवाल्यांची बाग म्हणतात. एकही फळ खराब निघत नाही, असा अर्थ त्याने लावून टाकला. शेतकरी संघाच्या लोकांनी आधी नको म्हटलं, शून्य असलेला माल कोण घेणार, मग सगळे त्याचीच पेटी मागायला लागले. त्याच्या मुलीच्या लग्नात मी गेलो होतो, तिथे जावयाच्या बापाने भाषणात सांगितलं — आमच्या व्याह्यांनी व्यावसायिक मैदानावर एकही रन दिलेला नाही. लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला. इसोगाई ताटात बघत बसला. आता तुम्ही तो आउट काढून माझ्या नावावर टाका. त्याचं काय होईल? डाव शून्य, रन शून्य. सरासरी? शून्य भागिले शून्य. तेही नाही भागता येत. तुमच्या पुस्तकात तिथे काय छापतात? एक आडवी रेघ. माणसाच्या सगळ्या आयुष्यासमोर एक रेघ. ती काय पेटीवर छापायची?

आणि माझं? मी काढलंय गणित. एक आउट मिळाला की सरासरी येते एकशे बासष्ट. एकशे बासष्ट पूर्णांक शून्य शून्य. ताई, हा रक्तदाब झाला. एकशे बासष्ट नावाचं उडोनचं दुकान कुणी बघितलंय? अनंतापुढे कुणी जाऊ शकत नाही, एकशे बासष्टच्या पुढे उद्या कुठलाही गाढव जाईल.

खा. सार संपवा. वाटी उचलून प्यायली तरी चालेल इथे.

तसं नाही. फक्त पाटीचा प्रश्न नाही. तुम्ही तोंड पुसून असं शांत बसून बघता ना, त्याने माणूस बोलतो. साहेबांनी शिकवलं का तुम्हाला? हळू बोलतो, आत जाईल. म्हणजे बघा — मला काढलं कसं त्या दिवशी, हे कुठल्या कागदावर नाही. आउट झाल्यावर मॅनेजर लगेच नव्हते आले. बाकावर उभे राहून बघत होते, येऊ का नको अशा विचारात. मी सात माणसांचा मार खाल्लेला. मी काय केलं? डावं मनगट झटकलं. असं. दोनदा. दुखल्यासारखं तोंड केलं. मनगटाला काय झालं होतं? काही नाही. आजपर्यंत कधी काही झालेलं नाही. मला फक्त तिथून खाली यायचं होतं. आणि मी गेलो की कोण येणार? इसोगाई. आणि त्याचं कोपर दुखतंय हे आख्ख्या संघात एकट्या मला माहीत होतं, कारण मी दाराकडे झोपायचो आणि तो रात्री उठून नळाखाली हात धरून उभा राहायचा, पाण्याचा आवाज यायचा. सकाळी त्याने भाताची वाटी खालीच ठेवली, आणि उजव्या हाताने खायला चमचा मागून घेतला. मला माहीत होतं. तरी झटकलं.

तो आला. चार बॉल टाकले. चारही बाहेर. चौथा बॉल टाकल्यावर हात खाली लोंबत राहिला, दोरीसारखा. उचलताच येईना. मग तिसराच कुणीतरी आला, त्याने एका बॉलमध्ये दोघांना आउट केलं, डाव संपला. इसोगाई पुन्हा कधी खेळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन इस्पितळात गेलो. खेळाच्या पानावर दोन ओळी होत्या आमच्या, मुंगीएवढ्या अक्षरात. इसोगाई, एक तृतीयांश, शून्य. मी बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, हे चुकीचं आहे, मी कुणाला आउट केलं नाही. मी म्हणालो, केलंस की, आल्या आल्या, पहिल्या बेसवर फेकलास, तुला भूल दिली होती ना, तुझ्या लक्षात नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, असं का. एवढंच. आमचे कोच मला म्हणाले, मियाताके, जाऊन नोंद दुरुस्त करून घे, अर्धा तास लागेल. मी म्हणालो, जातो.

जातो म्हणालो.

म्हणून म्हणतो, राहू द्या. माझ्याजवळ त्याला देण्यासारखं तेवढंच होतं. एक आउट. तोही चुकून झालेला. आणि हिला — आत — हिला सांगू नका. हिला वाटतं मनगट त्या दिवशी मुरगळलं आणि तेव्हापासून पावसाळी हवेत धरतं. उकळत्या पाण्याचं मोठं भांडं असतं ना आमचं, दोघांनी उचलायचं, ते चौतीस वर्षं ती एकटी उचलते. एकदा सांगायचं राहिलं की मग रोज राहतं.

हे काय?

कुणाचं पत्र? — हे अक्षर मला माहीत आहे. पेटीवर पत्ता हाच लिहितो. तुम्ही आधीच जाऊन आलात होय तिकडे? नाही? त्याने स्वतःहून पाठवलं? कधी? म्हणजे ही सगळी भानगड त्या फितीवरून नाही, याच्यावरून — मग आधी का नाही दाखवलंत? जबाबावर परिणाम होऊ नये म्हणून. वा. नियमाने चालता. मी तासभर बोलतोय इथे, एवढं बोललो नसतो मी. द्या, चष्मा कुठे गेला. डोक्यावर आहे. द्या.

"नोंदणी विभागास. फीत दूरदर्शनवर दाखवली ती पाहिली. मागे जाकीट घालून उभा आहे तो मी आहे." — झालं. स्वतःला ओळखायची काय गरज होती याला. — "म्हणजे आउट झाला तेव्हा मी मैदानात नव्हतो, हे मला आधीपासून माहीत होतं, आता फीतही तेच सांगते. तो आउट मियाताकेचा आहे. तो कबूल करणार नाही. त्याचं कारण त्याला वाटतं तसं नाही, ते त्याला वाचून दाखवावं." — बघा, मला वाचून दाखवायचं होतं तुम्ही. — "मियाताकेने मनगट झटकलं ते मी बुलपेनमधून पाहिलं. त्याचा अभिनय त्याच्या पिचिंगपेक्षाही वाईट होता. मनगटाला काही झालं नव्हतं हे लांबूनही समजत होतं. पण त्याच्या आधीच, त्याला पहिला होमरन बसला तेव्हाच, मी कोचचा हात धरून विनंती केली होती की मला पाठवा. माझं कोपर संपलं आहे हे मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बघणार होते आणि मग मला घरी पाठवणार होते. त्याआधी एकदा मला तिथे उभं राहायचं होतं. मनगटामुळे कुणी त्याला काढलं नाही. माझ्यामुळे काढलं. मला हे त्याला सांगायचं होतं. पण त्याने इस्पितळात पेपरवर बोट ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मला घ्यावंच लागलं. नंतर दरवर्षी सांगायचं ठरवलं आणि दरवर्षी नासपती पाठवल्या."

थांबा. पाणी पितो.

"मी चार बॉल टाकले. चारही बाहेर गेले. पण ते चार मी टाकले, नऊ हजार लोकांसमोर, ते माझे आहेत. शून्य पूर्णांक शून्य शून्य माझं नाही. बागेचं काम आता मुलगी बघते, पेटीवरची छपाई बदलायला ती तयार आहे. माझ्या नावापुढे रेघ मारावी. आउट त्याचा त्याला परत द्यावा."

नऊ हजार कुठले. चारशे असतील.

त्याने कोचचा हात धरला होता. त्याला यायचं होतं. मी इथे इतकी वर्षं उडोनची कणीक पायाखाली तुडवतोय रोज पहाटे, चार वाजता, आणि दर पावलाला — जाऊ दे. त्याला यायचं होतं.

मुलगी तयार आहे म्हणे. ती तयार असेल हो. तो जावयाचा बाप काय म्हणेल?

ताई, या कागदाचा दुसरा कोरा आहे का तुमच्याकडे? तीन आणलेत? तुमचे साहेब माणसं ओळखतात. तो पहिला फाडा. माझ्यासमोर फाडा. हं. द्या इकडे. "पहिल्या बेसवरचा आउट कुणी केला?" — मी. मियाताके तात्सुहिको. "त्या वेळी टेकाडावर कोण होतं?" — मी. आणि खाली ही रिकामी जागा कशासाठी, आणखी काही सांगायचं असल्यास? आहे. लिहितो. "इसोगाईने चार बॉल टाकले. मी पाहिले. तिसरा बॉल आत होता, पंच चुकला." हे तुम्ही छापणार नाही, माहीत आहे, पण कागदावर राहू दे. शिक्का. फुंकर.

म्हणजे मी एकाला आउट केलं.

नाही, काही नाही. मोठ्याने म्हणून बघितलं. पाटी उतरवायला हवी आता. रंगाऱ्याला काय सांगू, एकशे बासष्ट रंगव? लोक घराचा नंबर समजतील. पोस्टमन गोंधळेल. समजू दे. निदान चष्मे मागायला कोणी येणार नाही.

ही एक नासपती घेऊन जा. घ्या हो, त्याचीच आहे, शून्यशून्यवाली, पुढच्या वर्षी मिळणार नाही छापलेली. बस दोन वाजून दहा मिनिटांनी आहे, कोपऱ्यावरून. आणि पत्र ठेवता आलं तर ठेवा माझ्याकडे. नाही? नियम. बरं, नक्कल पाठवा.

फुमिए, दोन वाट्या सार ठेव गं, मी —

फुमिए?

ताई, तो सुरीचा आवाज कधी थांबला? तुमच्या लक्षात आहे का — मी पत्र वाचत होतो तेव्हाच? मनगटाचं वाचलं तेव्हा? मोठ्याने वाचलं का मी ते?

हं.

तुम्ही निघा आता. आजचे उडोन संपले. आहेत दिसायला, पण संपले. जाताना दारावरचा पडदा काढून आत ठेवा, म्हणजे कुणी येणार नाही. मला ते मोठं भांडं उचलायचंय.